वाकडा ठिपका

“आणि काच फुटली तर, उस्ताद?”

नेम धरायला बंदुकीवर बसवतात ती पेढ्याच्या पुड्याएवढी साईट वजीर उस्तादांनी डोळ्यासमोर धरली होती आणि तिच्या काचेतून ते टेकडीकडं बघत होते.

“मी विचारतोय, उस्ताद. काच फुटली तर करायचं काय?”

“थांब रे... बसला! अरे, बसला! तो वरचा पांढरा दगड दिसतोय ना, त्याच्यावर ठिपका बसला. मी डोकं हलवतोय, पण हा पठ्ठ्या दगड सोडत नाही. बघ, बघ की!”

एकाहत्तर वर्षांचा माणूस वाळूच्या पोत्यांवर कोपरं टेकून खदखदा हसत होता.

वजीर मुजावर तीस वर्षं फौजेत आर्मरर होते. इतरांनी बंदुका चालवायच्या, यांनी त्या नीट ठेवायच्या. निवृत्त होऊन गावी आले आणि घराण्याकडं असलेली पीरसाहेबांच्या दर्ग्याची सेवा त्यांनी अंगावर घेतली. दर्गा टेकडीवर, आणि टेकडीच्या पायथ्याला जिल्हा पोलिसांची फायरिंग रेंज. एखादी रायफल हट्टाला पेटली की पोलीस वर निरोप पाठवत आणि उस्ताद काठी टेकत खाली येत. शिकवणाऱ्याला फौजेत उस्ताद म्हणतात, ते नाव त्यांना इथंही चिकटलं.

प्रश्न विचारणारा होता हवालदार महिपती लाड. वय चव्वेचाळीस. जलद प्रतिसाद पथकातला सगळ्यात पक्का नेमबाज. राज्याच्या पोलीस स्पर्धेत त्यानं अकरा वर्षं पदकं आणली होती, आणि सगळी साध्या लोखंडी साईटवर. मागं बारीक भोक, पुढं नळीच्या टोकाशी उभी काडी. भोकातून काडी बघायची आणि काडीवर निशाण ठेवायचं. हे त्याला बावीस वर्षांपूर्वी याच पोत्यांवर उस्तादांनी शिकवलं होतं.

“माझ्या डोळ्याला काचेची गरज नाही,” महिपती म्हणाला.

“हं,” उस्ताद म्हणाले, आणि त्यांनी साईट दुसऱ्या डोळ्याला लावली.

टेबलावर तीन प्रकारच्या साईट होत्या आणि दोन हँडगार्ड. पथकाला तीस नव्या कार्बाइन मिळणार होत्या. आखूड, हलक्या, सुंदर. पण वर कुठली साईट लावायची, आणि पुढं हाताच्या पकडीसाठी नळीभोवती कुठला हँडगार्ड बसवायचा, हे पथकानं ठरवायचं होतं. नमुने एका दिवसापुरते आले होते. चार वाजता अहवाल जायचा होता.

अहवाल लिहिणार होत्या पथकाच्या प्रमुख, उपनिरीक्षक केतकी बर्गे. एकोणतीस वर्षांच्या, इंजिनिअर झालेल्या, बोलायला रोखठोक. सकाळी गाडीतून उतरतानाच त्या म्हणाल्या होत्या, “लाड हवालदार ज्याला हो म्हणतील, तेच मी लिहिणार. मला कागदावरचं कळतं, त्यांना हातातलं कळतं.”

तेव्हा महिपतीची छाती फुगली होती.

रेंजवर लाल झेंडा चढला. तिघंच होते.

आधी केतकीनं मोठी दुर्बीण लावून बघितली, लांबचं जवळ आणणारी. दोनशे मीटरवरच्या कागदाचे खिळेसुद्धा दिसले. ती खूश झाली.

“आता पळा,” उस्ताद म्हणाले.

“कुठं?”

“त्या बाभळीपर्यंत आणि परत. कार्बाइन खांद्याला लावूनच.”

ती पळाली. परत आली तेव्हा नळी खाली झुकली होती.

“जड आहे,” ती धापा टाकत म्हणाली. “आणि जवळचं बघताना दुर्बिणीची कडी फिरवेपर्यंत समोरचा माणूस जिना चढून जाईल.”

“मग तुमच्या कामाची नाही. डोंगरावर बसणाऱ्याच्या कामाची आहे.” उस्तादांनी ती डब्यात ठेवली आणि हात चोळले. “आता माझी लाडकी लावा!”

लाडकी म्हणजे रेड डॉट. बारक्या काचेत लाल ठिपका. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, नजर समोरच्यावर ठेवायची, ठिपका जिथं दिसेल तिथं गोळी.

केतकीनं पन्नास मीटरवर पाच गोळ्या झाडल्या. चार सेकंदांत. कागद आणला, तर पाचही भोकं एका तळहाताखाली.

“आई गं!” ती ओरडली. आपण पथकाच्या प्रमुख आहोत हे तिच्या नंतर लक्षात आलं. “म्हणजे... समाधानकारक आहे.”

उस्तादांनी टाळी वाजवली. “समाधानकारक काय म्हणता! मला हे पंचवीस वर्षं आधी मिळायला हवं होतं. महिपती, ये. तू झाड.”

महिपती पोत्यांमागं आडवा झाला. कार्बाइन खांद्याला लावली. श्वास सोडला.

गोळी सुटली नाही.

त्यानं डोकं वर केलं. डोळा चोळला. परत गाल टेकवला.

“ही खराब आहे,” तो म्हणाला.

“काय झालं?”

“ठिपका गोल नाही. डाळिंबाचा दाणा चिरडल्यासारखा दिसतोय. एका बाजूला शेपूट आहे.”

केतकी वाकली, तिनं बघितलं. “मला तर गोल दिसतोय.”

उस्तादांनी बघितलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू गेल्या वर्षी काढले होते. “गोल,” ते म्हणाले. “काजव्यासारखा.”

“मग बसवताना काही चुकलं असेल.”

केतकीनं डब्यातली दुसरी रेड डॉट काढून बसवली. महिपतीनं बघितलं. पुन्हा शेपूट. तिनं उजेड कमी केला. शेपूट आखूड झालं, गेलं नाही.

महिपतीच्या कानशिलावरची शीर फुगली.

“दोन्ही नग भंगार आहेत. मी मगाशीच म्हणत होतो. काच, बॅटरी, खेळणी सगळी! पोरं याच्यावर विसंबतील आणि नेमक्या वेळी हे असं शेपूट काढेल. लिहा मॅडम, रेड डॉट नापास. आम्हाला लोखंडी साईट पुरेत. तीसच्या तीस.”

केतकी गोंधळली. तिला तर ठिपका गोल दिसला होता. पण अकरा वर्षांची पदकं तिनं मुख्यालयाच्या काचेच्या कपाटात रोज बघितली होती. तिनं पेन उघडलं.

“मॅडम,” उस्ताद म्हणाले, “पेन जरा धरून ठेवा.”

ते महिपतीच्या शेजारी गुडघ्यावर बसले. बसताना गुडघा कटकन वाजला. रेड डॉटच्या मागं, कार्बाइनच्या पाठीवर, मागच्या भोकाची लोखंडी बॅकसाईट मिटवून ठेवलेली होती. उस्तादांनी बोटानं ती उभी केली.

“आता तुझ्या जुन्या भोकातून नवा ठिपका बघ.”

महिपतीनं गाल टेकवला.

...

“काय दिसतं?”

“गोल आहे,” तो हळूच म्हणाला.

उस्तादांनी बॅकसाईट मिटवली. “आता?”

“शेपूट.”

उभी केली. “आता?”

“गोल.”

मिटवली.

महिपतीनं गाल उचलला.

उस्तादांनी हात काढून घेतला. “साईट तीच आहे, गड्या. बारीक भोकातून अधू डोळ्यालाही नीट दिसतं.”

महिपतीनं मॅगझिन काढलं. बोल्ट मागं ओढून चेंबर रिकामं असल्याचं दाखवलं. कार्बाइन नळी पुढं करून पोत्यावर ठेवली. हे सगळं त्यानं अगदी नियमाप्रमाणं केलं. मग तो उठला आणि पाण्याच्या टाकीकडं चालत गेला.

केतकी त्याच्या मागं निघाली.

“बसा, मॅडम,” उस्ताद म्हणाले. “तो तिसरा डबा उघडून द्या मला. माझी नखं चालत नाहीत.”

“अहो, पण ते...”

“डबा द्या.”

टाकीच्या आडोशाला महिपतीनं तोंडावर पाणी मारलं. मग नुसताच उभा राहिला.

आठ महिने. आठ महिन्यांपूर्वी पुढची काडी पहिल्यांदा धुकट झाली होती. त्याला वाटलं, झोप कमी पडली. मग वर्तमानपत्र लांब धरावं लागू लागलं. बायको म्हणाली, चाळिशी लागली तुम्हाला, चष्मा घ्या. तिच्यावर तो इतक्या जोरात ओरडला की ती दोन दिवस बोलली नाही. पथकात चष्मा म्हणजे खुर्ची. खुर्ची म्हणजे आवक-जावकचं टेबल. बावीस वर्षं ज्या हातानं ट्रिगर दाबला त्या हातानं शिक्के मारायचे. स्पर्धेला अजून चार महिने होते. तोवर कुणाला कळायला नको, एवढंच त्यानं धरून ठेवलं होतं.

आणि मग गेल्या महिन्यातला तो सराव.

त्यानं टाकीचा नळ बंद केला. चार पावलं तो मुख्य रस्त्याच्या दिशेनं गेला. तिथं थांबला. मागं उस्तादांचा आवाज येत होता, “अरेच्चा, हे तर भलतंच निघालं! खूण काचेतच कोरलीय!” तो आवाज इतका आनंदी होता की महिपतीला राग आला. मग लाज वाटली.

तो मागं वळला.

केतकीसमोर येऊन सावधानमध्ये उभा राहिला.

“मॅडम, गेल्या महिन्याची एक नोंद चुकीची आहे.”

“कुठली?”

“अंधाऱ्या खोलीतल्या सरावाची. माझ्या नावापुढं दहापैकी दहा लिहिलंय.”

“बरोबरच आहे. मी स्वतः भोकं मोजली.”

“नऊ होती.”

केतकीनं वही बंद केली.

“दहावी गोळी बाईच्या चित्राला लागली. कडेवर मूल असलेली ती बाई, जिला मारायचं नसतं. मला पुढची काडी दिसलीच नाही. काळपट काहीतरी हललं, मी मारलं. तुम्ही आत यायच्या आधी बाईच्या भोकावर कागद डकवला. आणि बंदूकवाल्याच्या चित्राला पेन्सिलीनं भोक पाडलं.”

रेंजवर वाऱ्यानं झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती.

“कागदाची बाई होती म्हणून बरं...” केतकी म्हणाली.

“होय, मॅडम.”

“आणि हे मला तुम्ही आज सांगताय?”

“आज तुम्ही तीस जणांचं लिहिणार होतात. माझ्या डोळ्यावरून.”

ती उठली. टेबलाच्या त्या टोकाला जाऊन तिनं पाठ फिरवली. परत आली तेव्हा तिचे कान लाल होते.

“सोमवारी डोळ्यांची तपासणी. रिपोर्ट येईपर्यंत ड्यूटीवर हत्यार मिळणार नाही. सरावाची नोंद दुरुस्त होईल, त्याखाली तुमची सही. वरच्यांनाही कळवावं लागेल.”

“होय, मॅडम.”

“मला फार राग आलाय, लाड हवालदार.”

“होय, मॅडम.”

“मी तुम्हाला बघून नेम धरायला शिकले...” तिनं वही टेबलावर आपटली. “पण आजची चाचणी अजून संपलेली नाही. ती तुम्हीच संपवायची. उभे काय राहिलात?”

महिपतीनं मान हलवली.

“आलास?” उस्ताद म्हणाले. जणू तो पाणी पिऊनच आला होता. “ही घे. ही तिसरी. हिच्यात प्रिझम आहे. लाल ठिपक्यासारखा उजेड नाही, खूण काचेत खोदलेली. बॅटरी मेली तरी खूण मरत नाही. आणि ही मागची कडी बघ! कडी फिरव.”

“कशाला?”

“ज्याचा जसा डोळा, तशी कडी. फौजेत एक सुभेदार होते आमचे. त्यांना पौर्णिमेच्या चंद्राला शेपूट दिसायचं. आम्ही हसायचो. मग चष्मेवाल्यानं सांगितलं, बुबुळाची गोलाई वाकडी आहे, सिलिंडरचा नंबर आहे म्हणून. तुलाही तोच असणार, वर चाळिशी. त्यात काय! फिरव तू.”

महिपती आडवा झाला. गाल टेकवला. कडी फिरवली.

धूसर... धूसर... थोडं कमी धूसर...

त्याचं बोट थांबलं.

“उस्ताद!”

“बोल.”

“रेघ दिसतेय.”

“कशी?”

“कागदावर सुईनं ओढल्यासारखी. आणि पलीकडं... कागदाची सुरकुती दिसतेय, उस्ताद! पन्नास मीटरवर कागदाला सुरकुती आहे!”

“मग मला काय सांगतोस? मार की!”

त्यानं मारल्या. पाच. प्रत्येक गोळीनंतर श्वास, मग पुढची. केतकीनं नकळत मुठी आवळल्या होत्या.

कार्बाइन रिकामी झाली, बोल्ट उघडा राहिला, आणि महिपती उठून पळत सुटला. चव्वेचाळीस वर्षांचा हवालदार, कमरेचा पट्टा एका हातानं धरून. मागं केतकी. त्यांच्या मागं काठी विसरून उस्ताद, लंगडत.

कागदावर पाच भोकं. त्यांतली तीन एकमेकांत मिसळलेली. वर काडेपेटी ठेवली असती तर पाचही झाकली गेली असती.

महिपतीनं कागदाला हात लावला. काढला. पुन्हा लावला. मग तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले, आणि त्यानं ते लपवले नाहीत.

“आठ महिने,” तो म्हणाला. “आठ महिने मी अंदाजानं मारत होतो, मॅडम. अंदाजानं!”

केतकीचा राग गेला नव्हता. तरी ती म्हणाली, “सुरेख आहे.”

परत आल्यावर तिनं लिहायला घेतलं. सगळ्यांना रेड डॉट. ज्यांना ठिपका वाकडा दिसेल त्यांना प्रिझमवाली. ते कळायला प्रत्येकाची नजर आधी तपासून घ्यायची, नुसतं पदक बघून चालणार नाही, हे तिनं स्वतःहून घातलं.

“आणि लोखंडी?” तिनं विचारलं.

“मिटवून ठेवायची. प्रत्येक कार्बाइनच्या पाठीवर,” महिपती म्हणाला. “काच फुटली तर उभी करायची.”

उस्तादांनी त्याच्याकडं बघितलं आणि दाढी खाजवली.

“आता खरी गंमत!” ते म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हँडगार्ड दोन हातांत उचलले, जत्रेतले पेढे निवडावेत तसे. “हा की हा?”

पहिल्याला चारही बाजूंनी दातेरी रेल होत्या. विजेरी, पकडीचा दांडा, काय हवं ते कुठंही लावा. मागं तो कार्बाइनच्या अंगाला अडकत होता आणि पुढं नळीला चिमटा घेत होता.

दुसरा साधा, गोलसर. वर एकच रेल, बाजूंना बारीक खाचा. तो फक्त मागं घट्ट बसत होता. पुढं नळीभोवती नुसताच पसरलेला, मोकळा.

“पहिला,” केतकी म्हणाली. “त्यावर जास्त वस्तू लागतात.” तिनं तो धरला. तिची मूठ पूर्ण मिटेना. रेलचे दाते तळव्यात रुतले. “नाही... माझा हात बसतच नाही. आमच्यात सहा मुली आहेत.”

“हाताचं झालं. आता नळीला विचारू,” उस्ताद म्हणाले. “महिपती, कार्बाइनचा पट्टा पुढं हँडगार्डला अडकव आणि दंडाला गुंडाळ.”

पहिला हँडगार्ड लावून महिपतीनं पाच गोळ्या हलक्या हातानं मारल्या. मग पाच, पट्टा करकचून ताणून, कठड्यावरून मारताना ताणतात तसा. केतकी पळत जाऊन कागद घेऊन आली.

“दुसऱ्या पाच खाली गेल्या! चार बोटं! तुम्ही नेम हलवला?”

“नाही.”

“शपथ?”

“नाही हलवला, मॅडम. मी आज खोटं बोलणार नाही.”

दुसरा हँडगार्ड बसवला. पाच हलक्या हातानं. पाच पट्टा ताणून. यावेळी केतकी आणि महिपती दोघंही पळाले. दहा भोकं एकाच जागी, कुठली पहिली पाच आणि कुठली नंतरची, ते सांगता येईना.

“ताणलं तरी नळीला कळलंच नाही!” केतकी कागद हवेत फडकवत आली. “उस्ताद, काही कळलं नाही तिला!”

“बघा तरी,” उस्ताद म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. “काय माणसं आहेत! कुठं तरी कुणी तरी बसून हे शोधलं.”

“पण एक लिहा,” महिपती म्हणाला. “साईट कार्बाइनच्या अंगावरच लावायची, हँडगार्डवर नाही. हँडगार्डला ओढ बसली तर तो वाकेल आणि साईटसुद्धा सोबत वाकेल. विजेरी तेवढी पुढं, डाव्या अंगठ्याखाली. बाकी काही नको. रिकामी जागा दिसली म्हणून पोरं काहीबाही लावत बसतात.”

केतकीनं जसंच्या तसं लिहिलं. मग पेन थांबवून म्हणाली, “हे सगळं चाचणी घेणाऱ्याच्या नावानं जाईल. तुमच्या.”

“माझं नाव... आजच्या दिवशी?”

“दोन्ही कागद तुमच्या नावानं जातील, लाड हवालदार. तो चुकलेल्या नोंदीचाही आणि हाही.”

ती अहवाल पाठवायला गाडीकडं गेली. तिथंच फोनला जरा बरी रेंज मिळायची. फोनवर ती मोठ्यानं, भरभर बोलत होती. चार बोटं, दहा भोकं, एवढं इकडं ऐकू येत होतं.

पोत्यांपाशी दोघंच उरले. महिपती झाडलेली काडतुसं वेचून डब्यात टाकत होता. उस्ताद कार्बाइन पुसत होते.

“उस्ताद.”

“हं.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“तू फोरसाईटच्या, त्या पुढच्या काडीच्या, टोकाला पांढरा रंग लावून मागितलास तेव्हा.”

महिपतीच्या हातातलं काडतूस तसंच राहिलं.

“तो तर... तो तर पहिल्याच महिन्यात मागितला होता.”

“मग दिवाळीनंतर जाड टोक मागितलंस. ते पण घासून दिलं मी.”

“म्हणजे सगळं ठाऊक होतं?” महिपती उठून उभा राहिला. “आठ महिने मी दर गुरुवारी टेकडी चढून तुमच्याकडं येत होतो. चहा पीत होतो. आणि तुम्ही बोलला नाहीत? एक शब्द बोलला असतात तर त्या दिवशी ती गोळी...”

उस्तादांचा हात थांबला.

“त्या चित्राचं मला आज कळलं,” ते म्हणाले. आवाज एकदम म्हातारा झाला होता. “तुला लागलं तसं आज मलाही लागलं ते.”

...

“रेड डॉट मागवा, असं मॅडमना कुणी सांगितलं?” त्यांनी विचारलं.

महिपतीनं हातातलं काडतूस डब्यात टाकलं.

“नमुने इथं रेंजवर आणा, आणि पहिल्यांदा महिपतीला बघायला लावा, हे कुणी सांगितलं?”

“तुम्ही?”

“तीनदा वरून खाली आलो. या गुडघ्यानं.”

“मग मलाच सरळ का नाही बोललात? मी तुमचाच चेला ना?”

उस्तादांनी निशाणाच्या कागदाची एक लांब पट्टी फाडली. कार्बाइन मांडीवर आडवी घेतली. नळी अजून गरम होती. पट्टीचं टोक त्यांनी नळी आणि हँडगार्डच्या मधल्या फटीत घातलं आणि हळूहळू मागं सरकवलं, पार मुळापर्यंत. मग नळीभोवती गोल फिरवून पुढच्या टोकानं बाहेर काढलं. पट्टी कुठंच अडली नाही; हँडगार्ड नळीला कुठंच टेकला नव्हता.

ती त्यांनी महिपतीच्या हातात दिली. कागद कोमट होता.

“मी तुला टेकलो असतो,” ते म्हणाले, “तर गोळी कुठं गेली असती?”